काय-स्क्वेअर अडलंय? कसोटी बदलू नका, आधी टेबल मोजा

मी बडोद्यात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा डेटा बघून देते. एम.ए.चे प्रबंध, पीएच.डी.चं चौथं प्रकरण, कधी एखाद्या समुपदेशकाचं छोटं सर्वेक्षण. होय-नाही, मुलगा-मुलगी, वसतिगृह-घर असा गटवारीचा डेटा असला की दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का ते काय-स्क्वेअर कसोटीने तपासतात, आणि तक्रार ठरलेली असते : "ताई, काय-स्क्वेअर बरोबर येत नाहीये, दुसरी एखादी टेस्ट सांगा ना." टेस्ट क्वचितच चुकलेली असते. चुकते ती मोजणी. एखादा माणूस टेबलात दोनदा बसलेला असतो, नाहीतर बसलेलाच नसतो, नाहीतर त्याच्या जागी टक्का बसवलेला असतो. म्हणून खालचा क्रम असा लावलाय की पहिल्या तपासण्यांना कागद-पेन्सिल पुरेल. पुढच्यांना वेळ लागेल, आणि शेवटी कदाचित जाणकाराची फीसुद्धा.

लक्षणं

- टेबलाखाली तळटीप येते की इतक्या सेलमध्ये (टेबलाच्या चौकटींमध्ये) अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहे.
- सॅम्पल ८० चं, पण टेबलाची एकूण बेरीज १९०. किंवा माणसं १३७ आणि बेरीज बरोब्बर २००.
- टेबल दोन बाय दोनचं असायला हवं, पण डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, टेबलाच्या आकारावरून ठरणारा आकडा) १ ऐवजी २ किंवा ३ येतो.
- एसपीएसएस हे सॉफ्टवेअर एक आकडा देतं, आर हे दुसरं सॉफ्टवेअर वेगळा देतं, आणि एक्सेल नुसतीच पी व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) देतं.
- शिबिराच्या आधीचा आणि नंतरचा फरक डोळ्यांना दिसतोय, कसोटी मात्र नाही म्हणते.
- छत्तीस टेबलं केली, दोनांना सार्थकतेचे तारे (*) लागले, आणि निष्कर्षात फक्त ती दोनच आली.
- निकाल सार्थक आला (पी व्हॅल्यू ठरवलेल्या पातळीच्या, बहुधा ०.०५ च्या, आत), पण "म्हणजे नक्की कोणात फरक आहे?" असं गाईडनी विचारल्यावर तोंडाला कुलूप.

१. बेरीज माणसांइतकी आहे का?

टेबलाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला आकडा बघा. तो तुमच्या सॅम्पलइतका असायला हवा. कोणी उत्तर दिलं नसेल तर थोडा कमी चालेल, जास्त कधीच नाही.

जास्त येण्याचं नेहमीचं कारण "लागू असतील त्या सर्व पर्यायांवर खूण करा" हा प्रश्न. ताण आला की काय करता? मित्राशी बोलतो, झोपतो, मोबाईल बघतो, देवळात जातो. ८० जणांनी मिळून १९० खुणा केल्या आणि त्या १९० खुणांवर काय-स्क्वेअर लावला. पंगतीत वाढलेल्या जिलब्या मोजून किती पानं उठली ते सांगण्यातला हा प्रकार. ही कसोटी एवढंच गृहीत धरते की प्रत्येक मोजणी वेगळ्या माणसाची आहे आणि एका माणसाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. हे मोडलं की पुढचा सगळा हिशोब बाद.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पर्यायाचं स्वतंत्र होय-नाही टेबल करा, म्हणजे प्रत्येकात ८० माणसं राहतील. टेबलं वाढली की सार्थकतेची पातळीही कडक करावी लागते, त्याबद्दल पुढे सांगते. तीच माणसं कुठला पर्याय जास्त निवडतात हे विचारायचं असेल तर कॉक्रनची क्यू कसोटी आहे.

बेरीज कमी आली तर "नाही" म्हणणारे कुठे गेले ते शोधा. वसतिगृहातले २४ आणि घरी राहणारे २४ "हो" म्हणाले, म्हणून फरक नाही असं लिहून आणतात. वसतिगृहात एकूण ४० होते आणि घरी राहणारे ६०, हे कुठेच नसतं. "हो" सोबत "नाही" ची रांग टेबलात हवीच.

२. डीएफ हाताने काढा

ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा, आणि दोन्हींचा गुणाकार. दोन बाय दोनला १, पाच बाय दोनला ४. सॉफ्टवेअरचा डीएफ याच्याशी जुळला नाही तर तुम्हाला माहीत नसलेला एखादा गट टेबलात शिरलाय.

आपल्याकडे हे सारखं होतं, कारण फॉर्म गुजराती, इंग्रजी आणि कधी मराठीतही फिरतो. मग "होय", "हो", "हा" आणि "यस" असे चार गट तयार होतात. परवा एका फाईलमध्ये मातृभाषेच्या रकान्यात "मराठी" दोनदा दिसत होतं आणि दोन्ही अगदी सारखं. एकाच्या शेवटी स्पेस होती. फोनवर टाइप करताना कीबोर्ड शब्दामागे स्पेस सोडतो, माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाही, पण संगणकाला तो वेगळा शब्द वाटतो. एक्सेलमध्ये ट्रिम वापरा, मग फिल्टर लावून त्या रकान्यात नक्की किती वेगळ्या नोंदी आहेत ते बघा. उत्तर न देणाऱ्यांसाठी टाकलेला ९ किंवा ९९ मिसिंग म्हणून जाहीर केला नसेल तर तोही एक गट म्हणून बसतो.

डीएफच्या बाबतीत ओशाळायचं कारण नाही. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननी १९०० साली ही कसोटी मांडली तेव्हा अशा टेबलांचा डीएफ त्यांनी जास्त धरला होता. तो दुरुस्त व्हायला १९२२ साल उजाडलं आणि दुरुस्त केला रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांनी.

३. सेलमध्ये माणसं आहेत की टक्के?

ही चूक दिसायला निरुपद्रवी आहे आणि निकाल सरळ फिरवते. समजा, परीक्षेची धास्ती जास्त असलेले वसतिगृहात ४० पैकी २४ आहेत आणि घरी राहणाऱ्यांत ६० पैकी २४. म्हणजे ६० टक्के विरुद्ध ४० टक्के. माणसं मोजून काय-स्क्वेअर काढला तर तो ३.८५ येतो. डीएफ १ ला ०.०५ पातळीची सीमा ३.८४ आहे, म्हणजे केसभर वर. आता हेच टक्के सेलमध्ये टाका : ६०, ४०, ४०, ६०. काय-स्क्वेअर ८.०० येतो आणि पी व्हॅल्यू ०.००५ च्या आत जाते. डेटा तोच आहे, पण १०० माणसांची आपण न विचारता २०० करून टाकली. सॅम्पल दोनशेपेक्षा बरंच मोठं असतं तर उलटं होऊन खरा फरक दडला असता.

तपासायची पद्धत : सेलमधला प्रत्येक आकडा पूर्णांक हवा आणि ती माणसं फाईलमध्ये बोट ठेवून दाखवता यायला हवीत. सरासरी गुण, सेकंद, टक्केवारी यांतलं काहीही सेलमध्ये चालत नाही. तयार टेबल एसपीएसएसमध्ये भरत असाल तर वेट केसेसमध्ये संख्येचा रकाना द्यायला विसरू नका. नाहीतर चार ओळी म्हणजे चार माणसं असं ते धरून चालतं.

लुईस आणि बर्क या दोघांनी मानसशास्त्रीय संशोधनात काय-स्क्वेअर कसा चुकतो याची यादी १९४९ मध्ये छापली. मोजण्या स्वतंत्र नसणं, "नाही" वाल्यांना वगळणं, माणसांऐवजी भलतेच आकडे घालणं, डीएफ चुकणं, सगळं तिच्यात आहे. आपलं सयाजीराव विद्यापीठही त्याच सालचं. यादीतली एकही चूक अजून रिटायर झालेली नाही.

४. तळटीप नीट वाचा

तळटीप अपेक्षित संख्येबद्दल बोलते, मिळालेल्या संख्येबद्दल नाही. सेलमध्ये ० आला म्हणून घाबरून येणारे बरेच असतात. त्या सेलची अपेक्षित संख्या ७ असेल तर काही बिघडलेलं नाही. अपेक्षित संख्या म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. क्यू कसोटीवाल्याच कॉक्रननी १९५४ मध्ये दिलेला नियम आजही चालतो : पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्येचे सेल वीस टक्क्यांहून जास्त नकोत, आणि एकाही सेलची अपेक्षित संख्या १ च्या खाली नको. दोन बाय दोनमध्ये एक सेल म्हणजेच पंचवीस टक्के, त्यामुळे तिथे सूट शून्य.

याचं कारण असं की काय-स्क्वेअरची पी व्हॅल्यू हा अंदाज आहे. मोजण्या पुरेशा असतील तरच तो सुरळीत वक्ररेषेशी जुळतो. माणसं थोडी असली की जुळत नाही.

बडोद्यातलं नेहमीचं टेबल घ्या. मातृभाषा विरुद्ध "समुपदेशनाला घरच्यांची संमती". १२० जण : गुजराती ७१, मराठी २८, हिंदी १४, सिंधी ४, मल्याळम ३. संमती ४० जणांच्या घरी, ८० जणांच्या घरी नाही. सिंधी-संमती सेलची अपेक्षित संख्या ४ गुणिले ४० भागिले १२०, म्हणजे १.३३. मल्याळमची १. हिंदीचीही ४.६७. दहापैकी पाच सेल पाचच्या खाली, म्हणजे पन्नास टक्के. टेबल असं वापरता येणार नाही.

हिंदी, सिंधी आणि मल्याळम एकत्र केले तर २१ जण होतात, अपेक्षित संख्या ७ आणि १४ येतात, तळटीप जाते. पण त्या गटाला तुम्ही काय म्हणणार? "गुजराती-मराठीखेरीज इतर" असं म्हणा आणि त्याहून जास्त अर्थ त्यातून काढू नका. गट जोडायचे ते अर्थ बघून. आधी तीन-चार जोड्या करून बघायच्या आणि जी सार्थक येईल ती ठेवायची, याला मी मदत करत नाही. व्हायवात कोणी विचारलं नाही तरी करत नाही.

गट जोडण्यात अर्थ नसेल, किंवा टेबल मुळातच दोन बाय दोनचं असेल, तर फिशरची अचूक कसोटी. दोन बाय दोनला एसपीएसएस ती आपणहून देतं, आणि जामोवी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका टिकवर मिळते. ती अंदाज न लावता सगळ्या शक्यता मोजते. तिची सगळ्यांना सांगितली जाते ती गोष्ट १९३५ ची : आठ कप चहा, चारांत दूध आधी ओतलेलं, आणि ते चवीवरून ओळखल्याचा एका बाईंचा दावा. निव्वळ नशिबाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. सॅम्पल लहान असूनही उत्तर चोख येतं ते यामुळे.

५. दोन सॉफ्टवेअर, दोन आकडे

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. दोन बाय दोन टेबलाला आर न विचारता येट्सची दुरुस्ती (काय-स्क्वेअरचा आकडा थोडा खाली आणणारी) लावतं. एसपीएसएस पिअर्सनची (दुरुस्ती न लावलेली) ओळ आणि दुरुस्तीची ओळ अशा दोन्ही छापतं आणि निवड तुमच्यावर सोडतं. वरच्या वसतिगृहाच्या उदाहरणात दुरुस्ती लावली की ३.८५ चा ३.०९ होतो आणि पी व्हॅल्यू ०.०७९. म्हणजे एका टिकने सार्थकचं असार्थक.

येट्सनी ही दुरुस्ती १९३४ मध्ये सुचवली. पुष्कळ संख्याशास्त्रज्ञांना ती गरजेपेक्षा जास्त कडक वाटते, मलाही वाटते. अपेक्षित संख्या पुरेशा असतील तर मी पिअर्सन लिहायला सांगते, नसतील तर सरळ फिशर. पण निकाल केसावर लोंबकळत असेल तर कुठली ओळ लिहायची यापेक्षा "पुरावा काठावरचा आहे" हे लिहिणं महत्त्वाचं. आणि कुठली ओळ वापरली ते लिहाच. नाहीतर परीक्षक तेच टेबल आपल्या लॅपटॉपवर टाकतील आणि त्यांना वेगळा आकडा दिसेल.

पी व्हॅल्यूच्या जागी ०.००० छापून आलं तर "०.००१ पेक्षा कमी" असं लिहा. शून्य शक्यता असं काही नसतं.

६. तीच माणसं आधी आणि नंतर?

माझ्याकडे येणाऱ्या फाईलींत सगळ्यात जास्त नुकसान इथे झालेलं असतं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तळटीप वगैरे काही येत नाही. टेबल दिसायला निर्दोष असतं.

समजा ६० जणांना शिबिराआधी विचारलं, "गरज पडली तर समुपदेशकाकडे जाल का?" २२ हो म्हणाले. शिबिरानंतर ३२. विद्यार्थी आधी-नंतर अशा दोन ओळी करतो आणि काय-स्क्वेअर लावतो : ३.३७, सीमेच्या खाली. "शिबिराचा परिणाम झाला नाही", प्रकरण संपलं. पण बेरीज बघा, १२० आहे. माणसं ६०. पहिलीच तपासणी इथे ओरडून सांगत होती.

आता माणूस न तोडता टेबल करा. एका बाजूला आधीचं उत्तर, दुसऱ्या बाजूला नंतरचं. दोन्ही वेळा हो १८, दोन्ही वेळा नाही २४. नाहीवरून होवर आलेले १४ आणि होवरून नाहीवर गेलेले ४. न बदललेल्या ४२ जणांकडून शिबिराबद्दल काही कळत नाही. सगळा प्रश्न १४ विरुद्ध ४ चा आहे. क्विन मॅक्नेमार या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये नेमकं हेच मांडलं : दोघांतल्या फरकाचा वर्ग भागिले दोघांची बेरीज. १०० भागिले १८, म्हणजे ५.५६. सीमा तीच, ३.८४. परिणाम होता, टेबल चुकीचं होतं.

मत बदललेले इतके थोडे असले की अचूक पी व्हॅल्यू घ्यावी. इथे ती ०.०३१ येते. एसपीएसएसच्या क्रॉसटॅब्समध्ये मॅक्नेमारला काय-स्क्वेअरचा आकडाच दिसत नाही, फक्त पी व्हॅल्यू दिसते. ती हीच अचूक पी, त्यामुळे आउटपुट अर्धवट आलंय असं समजू नका.

हे करायला कोणी आधी काय सांगितलं आणि नंतर काय, हे एकाच ओळीत हवं. निनावी फॉर्म दोनदा भरून घेतले असतील आणि जोडायला कुठलाही कोड नसेल तर ही दुरुस्ती आता शक्य नाही. पुढच्या वेळी आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस असा साधा कोड घ्या.

७. ही गटवारी मुळात हवी होती का?

चिंतेच्या मापनश्रेणीवर ० ते ६० असे गुण आहेत आणि तुम्ही मध्यावर चिरून "उच्च" आणि "निम्न" केलेत. ३० वाला निम्न, ३१ वाला उच्च, आणि ३१ व ५८ सारखेच. वितरण सामान्य (नॉर्मल, घंटेच्या आकाराचं) असेल तर एक चल असा मध्यावर चिरल्याने सहसंबंध सुमारे ०.८ पट उरतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश सॅम्पल फेकून दिल्यासारखं. "मागच्या वर्षीच्या प्रबंधात असंच होतं" हे उत्तर मी ऐकून घेते आणि दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी कसोटी लावायला सांगते.

पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा पाच पायऱ्या असतील तर काय-स्क्वेअरला त्यांचा क्रम कळत नाही. स्तंभ उलटसुलट केले तरी उत्तर तेच येतं. दोन गट असतील तर क्रम लक्षात घेणारी मॅन-व्हिटनी कसोटी बघा.

८. सार्थक आलं, पण सांगायचं काय?

दोन बाय दोनपेक्षा मोठ्या टेबलात सार्थक काय-स्क्वेअर एवढंच म्हणतो की कुठेतरी काहीतरी जुळत नाही. कुठे, ते ॲडजस्टेड रेसिड्यूअल (प्रत्येक सेलमधल्या मिळालेल्या आणि अपेक्षित संख्येतला फरक, एका मापावर आणलेला) सांगतात. अधिक-उणे १.९६ च्या बाहेरचे सेल बघा, आणि सेल बरेच असतील तर आणखी कडक व्हा.

संबंध किती मोठा आहे ते क्रामेरचा व्ही या ० ते १ मधल्या आकड्यावरून कळतं. वसतिगृहाच्या उदाहरणात तो ०.१९६ आहे. सगळे आकडे दहापट केले तर काय-स्क्वेअर ३८.५ वर जातो, पण व्ही ०.१९६ च राहतो. कोहेनच्या मोजपट्टीवर, दोन बाय दोनसाठी, ०.१ छोटा, ०.३ मध्यम, ०.५ मोठा. म्हणून ३८ बघून उड्या मारू नका.

आणि छत्तीस टेबलांचा हिशोब. कशातच काही संबंध नसला तरी ०.०५ पातळीवर छत्तीसात सरासरी १.८ टेबलं सार्थक दिसतील. तुमच्याकडे दोन आली. पातळीला टेबलांच्या संख्येने भागा, ०.०५ भागिले ३६ म्हणजे ०.००१४. त्यात टिकलं तर लिहा.

इथे थांबा, जाणकार गाठा

पुढच्या गोष्टी एखादा व्हिडिओ बघून करू नका.

विद्यार्थी आठ-दहा शाळांतून किंवा कोचिंग क्लासमधून गटागटाने घेतले असतील तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात. नवरा-बायको दोघं सॅम्पलमध्ये असतील तरी तेच. इथे स्वतंत्रतेचं गृहीत मुळातच मोडलेलं असतं आणि ते सांभाळणारी मॉडेलं घरच्या घरी बसवायची नाहीत. तीन किंवा अधिक गटवारीची चलं एकत्र बघायची असतील, तीन वेळा मोजलेला डेटा आणि वर दोन गट असतील, किंवा आत्महत्येचे विचार यासारखी थोड्याच जणांत आढळणारी गोष्ट असेल, तरीही थांबा. शेवटच्या बाबतीत चुकीच्या आकड्याचा परिणाम प्रबंधाबाहेरही होतो. सहावी तपासणी करूनही बेरीज आणि माणसं जुळत नसतील तर नव्या टेस्टचा शोध बंद करा.

खरं तर जाण्याची वेळ प्रश्नावली छापण्याआधीची. १९३८ मध्ये भारतीय संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना फिशरनी सांगितलं होतं की प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करायला सांगणं. आपल्या विद्यापीठात विज्ञान शाखेत संख्याशास्त्राचा विभाग आहे. तुमच्या गाईडमार्फत विचारा, परस्पर जाऊन उभे राहू नका.

जाताना तीन गोष्टी न्या : एका माणसाला एक ओळ अशी मूळ फाईल (नावं आणि फोन नंबर काढून), कोरी प्रश्नावली, आणि तुमचा प्रश्न एका साध्या वाक्यात लिहून, "काय-स्क्वेअर" हा शब्द न वापरता. आउटपुटचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कोण दोनदा मोजला गेलाय, हे त्यात दिसत नाही.